मास्टर सिलेंडरवरचं कुंकू

माझ्या जुन्या पिकअपचा ब्रेक मऊ झाला होता. पेडलवर पाय ठेवला की भिजलेल्या भाकरीत बोट जावं तसा आत जायचा. दोनदा दाबला की मगच धरायचा. बायकोला दवाखान्यात नेण्या-आणण्याचे दोन महिने मी असाच दोनदा दाबून चालवला. तेव्हा गाडीकडे कोण बघतो. मार्गशीर्षात ती गेली, आणि गाडी के. आर. पुरमच्या घरासमोर धूळ खात उभी राहिली.

मग मुलाने इलेक्ट्रॉनिक सिटीत फ्लॅट घेतला. तुम्हीही चला म्हणाला. सामान न्यायला माणसं बोलावतो, आणि ही गाडी विकून टाका आता, असंही म्हणाला. मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही. जन्मभर दुसऱ्यांची घरं हलवली, माझं घर हलवायला परके कशाला?

त्या गाडीवर आम्ही दोघांनी धंदा केला. पुण्या-नागपूरहून नोकरीला आलेली पोरं महादेवपुऱ्यात दर वर्षाला घर बदलतात, त्यांचं सामान आम्ही पोचवायचो. मी ओझं बघायचो, ही शेजारी बसायची. लोक फ्रिज माझ्या हवाली करायचे आणि देव हिच्या मांडीवर. एकदा एकाने पाण्याच्या पिशवीत मासा दिला होता. मी जोरात ब्रेक मारला की हिचे दोन्ही हात देवांवर आणि तोंड माझ्यावर.

रविवारी निघायचं ठरलं. आमचे देव मांडीवर घेऊन सून माझ्या शेजारी बसणार होती. त्याआधी ब्रेक पक्का पाहिजे होता.

आधी एअर काढली. याला दोन माणसं लागतात. एक जण पेडल दाबून धरतो, दुसरा चाकामागचं निपल ढिलं करतो. तेल सुटतं, त्याबरोबर आत अडकलेली हवा. पेडलवर ही असायची. आता सून बसली, कानात ऑफिसची मीटिंग घालून. मी खालून सांगायचो, दाब, धर. ती म्हणायची, थांबा बाबा, म्यूट करते. एकदा म्यूट करायची विसरली आणि "धरलंय, सोडा आता" म्हणाली. तिकडे आठ माणसं गप्प झाली.

एकही बुडबुडा निघाला नाही. पेडल तसंच. मागचे ड्रम उघडून लायनर घट्ट केले. फरक नावाला. पाइपावरून बोट फिरवत गेलो, कुठे ओल नाही. दुसऱ्या दिवशी परत एअर काढायला बसलो. तिसऱ्या दिवशी पण.

तिसऱ्या दिवशी सुनेने कानातलं काढून ठेवलं. म्हणाली, मी पाय नुसता धरून ठेवलाय, जोर वाढवलेला नाही, तरी हे हळूहळू खाली चाललंय. मी खाली निपल पुसत राहिलो.

"बाबा, तुम्हाला माहीत आहे ना काय बिघडलंय?"

"माहीत आहे."

"मग तीन दिवस आपण काय करतोय?"

पहिल्या दिवशीच माहीत होतं. बाहेर तेल गळत नाही आणि धरलेलं पेडल बसत जातं, म्हणजे ब्रेकचं तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलेंडरच्या आतले रबर गेले. कुठलाही ड्रायव्हर सांगेल. चार नट काढले की नवा बसतो. मी बॉनेट उचलून तिला दाखवलं. सिलेंडरवर हिचं कुंकू होतं.

आयुधपूजेला इथे सगळे गाडीला हार घालतात, कोहळा फोडतात. ही मला बॉनेट उघडायला लावायची आणि तेलात कालवलेलं कुंकू मास्टर सिलेंडरला लावायची. पळवणाऱ्याला सगळे हार घालतात, थांबवणाऱ्याला कोण विचारतो, म्हणायची. हे गेल्या पूजेचं. तेलामुळे चिकटून राहिलं होतं. बोटाच्या रेघासुद्धा दिसत होत्या.

सुनेने वाकून पाहिलं.

"या ब्रेकवर आईंना बसवलं असतं तुम्ही?"

"बसवलं होतं. दोन महिने."

आणि हिला कळत होतं. सिग्नल आला की सुजलेला पाय पुढे रेटायची, जणू हिच्याकडेही एक पेडल आहे. एरवी एवढी बोलणारी, त्या दोन महिन्यांत ब्रेकवरून एक शब्द बोलली नाही.

"मी बोलणार हं," सून म्हणाली.

मी तिच्याकडे पाना मागितला.

दुकानदाराने नमुन्याला जुना सिलेंडर मागितला. मी लांबून दाखवला, हातात दिला नाही. सरी अज्जा, म्हणजे बरं आजोबा, म्हणत त्याने मान वाकडी करून नंबर वाचला आणि नवा काढून दिला. बसवला, एअर काढली. पेडल वरच्या वर दगडासारखं थांबलं.

रविवारी रिंग रोडच्या पहिल्याच सिग्नलला पाय जुन्या सवयीने दोनदा पडला. गाडी जागच्या जागी थबकली, सुनेच्या मांडीवरच्या टोपलीतले देव कलंडले. त्यांच्याखाली कागदात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं, ते तिच्या पायावर आलं. जुना सिलेंडर, तिनेच ठेवलेला. तेलाचे डाग पडतील टोपलीला, मी म्हटलं. पडू देत म्हणाली, आणि पाय चोळत सुरू झाली: एवढी वर्षं गाडी चालवता, लक्ष कुठे असतं, एकदाच दाबायचा बाबा, एकदाच.

इलेक्ट्रॉनिक सिटी येईपर्यंत ती थांबली नाही. मीही तिला थांबवलं नाही.