भोक कुणी पाडायला सांगितलं

हे सांगायचं मी आठ वर्षं टाळलं. बायकोला सगळं माहीत होतं, पण ती आता नाही. गेल्या आठवड्यात बेडरूमचा एसी बंद पडला. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, दुरुस्ती नको, नवीनच घ्या. एस्टिमेट मागवा." तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. गॅलरीत जातो, परत येतो, पंखा वाढवतो, कमी करतो. म्हणून लिहून टाकतो.

मी पस्तीस वर्षं सरकारी खात्यात खरेदीचे कागद तपासले. तिथला नियम तीन कोटेशनांचा. काम कुणाला द्यायचं ते बऱ्याचदा आधीच ठरलेलं असे. उरलेली दोन कोटेशनं फायलीसाठी. निवृत्तीनंतरही ही खोड गेली नाही. तो एसी घेताना काम जावयाच्या मावसभावाला द्यायचं हे मनात पक्कं होतं. तरी मी आणखी दोघांना विचारलं. एकाने फोनवरच आकडा सांगितला. दुसरा येरवड्याहून स्कूटरवर आला.

चाळिशीचा, शांत माणूस. आमच्या इमारतीत चार घरी त्याचं काम होतं. त्याने टेप लावून खोली मोजली, वर गच्ची आहे का विचारलं, पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून उभा राहिला.

"डॉक्टर नाडी बघतात तसं बघताय," बायको म्हणाली.

"गिऱ्हाईक म्हणतं छोटी खोली आहे, एक टन पुरे," तो हसला. "म्हणून भिंतीला विचारतो, काकू."

मग त्याने दुकानाच्या कागदावर खोलीचा नकाशा काढला, मापं लिहिली आणि जाताना बाथरूमच्या बाजूला बोट दाखवलं. "काका, काम कुणालाही द्या, पण इथून भोक पाडू नका. पाइप कमी लागतो, पण आतून पाण्याची लाइन गेलीय. खिडकीच्या वरून घ्या."

मला वाटलं, जास्त पाइप खपवायचा डाव असणार. दुसऱ्याच्या आकड्यात लबाडी शोधायचीच नोकरी केली होती मी. त्याचा कागद मी मावसभावाच्या माणसांना दिला. त्यांचे मोजायचे कष्ट वाचले. त्यांनी विचारलं, भोक कुठून? मी बाथरूमच्या बाजूला हात ठेवला. "इथून. जवळ पडेल."

लाइन फुटली. खालच्या घरात मुलीच्या लग्नाचं रुखवत मांडून ठेवलं होतं, ते सगळं भिजलं.

संध्याकाळी सोसायटीच्या अध्यक्षांकडे सगळे जमले. मुलीची आई एका कोपऱ्यात रडत होती. "भोक कुणी पाडायला सांगितलं?" अध्यक्षांनी विचारलं.

'मी सांगितलं,' असं मी म्हणायला हवं होतं. मावसभावाच्या माणसांचं नाव पुढे केलं असतं तर माझ्या मुलीच्या सासरी बोभाटा. माणसांकडून परत घेतलेला तो कागद मी खिशातून काढला. "मोजमाप या येरवड्याच्या माणसाने केलं होतं."

एवढंच बोललो. त्यात एक शब्द खोटा नव्हता.

"तरी म्हटलं, यांनी स्वस्तातला कुणीतरी गाठला असणार," शेजारचे म्हणाले. पुढे कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी फाटकावर त्याच्या दुकानाचं नाव लागलं: यांस प्रवेश नाही.

महिन्याभराने तो सर्व्हिसिंगला आला. मी गॅलरीत होतो. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तो वॉचमनला म्हणत होता, "अहो, पण माझं काय चुकलं ते तरी सांगा." त्याने वर पाहिलं तसा मी वाळत घातलेल्या चादरीमागे सरकलो.

"खाली जा," बायको म्हणाली.

"जातो."

गेलो नाही. ती चार घरं त्याच्या हातून गेली. बायकोने जिवंत असेपर्यंत तो एसी एकदाही स्वतःच्या हाताने लावला नाही.

काल येरवड्याला गेलो. दुकान तिथेच आहे, त्याचे केस पिकलेत. मला त्याने लगेच ओळखलं आणि स्टूल पुढे केलं.

"बोला काका."

"एस्टिमेट हवं होतं," मी म्हणालो.

"देतो की. पण तुमच्याकडे मला आत सोडत नाहीत."

"मी बोलतो अध्यक्षांशी."

"काय बोलाल?"

तो पेन हातात धरून थांबला होता. घाई नव्हती त्याला. बसमध्ये मी ते वाक्य तीनदा मनात म्हटलं होतं: भोक मी पाडायला सांगितलं होतं, तुम्ही नको म्हणाला होतात, मला माफ करा.

"बघतो," मी म्हणालो, आणि उठलो.