पानाड्याचा नारळ आणि प्रांजलचा रॅम्प

रोज सकाळी द्रौपदीबाई पिशवीतलं दूध थेट पातेल्यात ओतत नसत. आधी चमचाभर गॅसवर धरून बघायचं. फाटलं नाही, तरच बाकीचं तापवायचं.

"तारीख आजचीच आहे गं आई," लेक प्रांजल हसायची.

"तारीख पिशवीवर छापलेली असते. दूध आत असतं."

मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीला उन्हाळ्यात टँकरवाचून गत्यंतर नव्हतं. म्हणून बोअरवेल खणायची ठरली आणि चेअरमन दशरथभाऊंनी पाणी शोधायला पानाड्या बोलावला. दादू पानाड्या तळहातावर आडवा नारळ घेऊन आवारभर फिरला. जिन्याजवळच्या रॅम्पशी आला आणि नारळ ताडकन उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच रॅम्पवरून प्रांजलची व्हीलचेअर कामावर जायची. तो उखडला की पोर घरात कोंडली जाणार.

"सगळ्यांच्या पाण्याचा प्रश्न आहे, वहिनी. थोडं सोसा," दशरथभाऊ म्हणाले.

"सोसेन की! पण नारळ पाण्याने उठतो की ह्याच्या हाताने, ते आधी कळू दे. माणूस तोच, नारळ तोच, आवार तेच. फक्त डोळे बांधा. खाली पाणी असेल तर पुन्हा इथेच उठेल."

"देवाची परीक्षा घेता काय, बाई?" दादू भडकला.

"देवाची नाही रे, नारळाची."

हशा पिकला, आणि मग दादूला मागे हटता येईना. द्रौपदीबाईंनी प्रांजलची ओढणी त्याच्या डोळ्यांवर घट्ट बांधली. नारळ आधी फाटकापाशी उठला, मग मीटरच्या खोलीपाशी. रॅम्पवरून दादू दोनदा गेला, तेव्हा तो निवांत आडवा. शेवटी उठला तो दशरथभाऊंच्या नव्या गाडीला खेटून.

दशरथभाऊ घाईने म्हणाले, "असं कुठेही खणून कसं चालेल? आधी भूजलाची रीतसर तपासणी करून घेऊ या."

द्रौपदीबाईंचं डोकंच फिरलं. "माझ्या पोरीची वाट उखडताना नारळ पुरला तुम्हाला! गाडीवर आलं तेव्हा तपासणी आठवली?"

कुणी मोबाईल काढला, कुणी लिफ्टकडे वळलं. रॅम्प वाचला; पण द्रौपदीबाईंचा संताप शमला नव्हता. डोळे बांधल्यावर नारळ कुठेही उठतो, हे कुणी ध्यानातच घेतलं नव्हतं. नारळ फाटकापाशीच थांबला असता, तर उद्या तिथे खणायला कुदळी आल्याच असत्या.

दुसऱ्या दिवशी प्रांजल रॅम्पवरून उतरू लागली. दाराशी उभ्या द्रौपदीबाईंनी हाक मारली,

"डबा आडवा नको ठेवूस गं, आमटी आहे."