लांब पायाचं रगत

पालम तालुक्यात मेंढरं राखणारे लय हायेत, पण आमच्या अंगदासारखा मेंढका दाखवा कुणी! कोकरू बघितलं की त्याची आजी कोणती, हे चालता चालता सांगनार गडी.

उन्हाळ्यात कळप गोदावरीकडं निघालता. दुपारी बाभळीखाली अंगदाचा डोळा लागला. झळांत मेंढरं पाण्यावानी हालायली, अन् त्यातून आज्याचा कळप वर आला. उंच, लांब पायाचा, वाऱ्यावर तरंगत जायलाय. मग एकेक लांब पाय उन्हात इरून गेला. मागं ठेंगणीच उरली. ती वाटंत बसायची, अन् बसली की उठायची न्हाईत.

दचकून जागा झाला, तर समोर तेच. ठेंगणी मेंढरं धापा टाकायली, दोन कोकरं मागंच राह्यलेली.

दरसाल बिरोबाच्या जत्रंला सगळ्यात उंच मेंढा कापायचा, ही घरची रीत. उंच गेला की कळपाचा बाप ठेंगणा. तरी जुनं रगत कुठंतरी लपून होतं. गेल्या साली ठेंगण्याच मायबापाच्या पोटी एक लांब पायाचा नर निपजलाता. अन् यंदा नवसाचा म्हणून त्योच धरला होता.

"माय, याला कापायचं न्हाई."

कडूबाई भाकरी थापायलती. "उन्हानं डोस्कं फिरलं का रं? देवाला काय लंगडं द्यावं?"

"चांगलं चांगलं देवाला, अन् कळपात काय ठिवलं आपण? असंच चाललं तर नदीपतुर एक कोकरू पोचायचं न्हाई."

"अन् बिरोबा कोपला मंजी?"

"बिरोबा मेंढरं राखणारा हाय का खाटीक?"

म्हातारी त्या मेंढ्याकडं बघत राह्यली, अन् तव्यावरची भाकर करपली.

जत्रंच्या दिशी सगळी भावकी बघायली. कडूबाईनं मेंढ्याच्या पाठीवर भंडारा उधळला, पाणी शिंपडलं. मेंढ्यानं अंग झाडलं. देवानं मानलं, असं समजून सुरी पुढं आली, तशी म्हातारी आडवी आली. "जित्ता सोडलाय देवाला. कापंल त्याला बिरोबा बघंल!"

पिवळ्या अंगाचा मेंढा डुलत डुलत कळपात शिरला.

पुढच्या साली कोकरं पडली. लय करून ठेंगणीच निघाली. रगत काय एका पिढीत फिरतंय व्हय? पण मधीमधी काही लांब पायाची उभी राह्यली, अन् पैल्याच दिशी आईच्या पुढं पळायली.

बाया बघाया आल्या, तर कडूबाई उंबऱ्यात बसून सांगायली, "अंगदाला काय कळतंय? म्याच सोडाय लावला त्यो मेंढा!"

अंगद कोकरू खांद्यावर घिऊन नुसता हसायला.