पाठ केलेली उत्तरं

माझी नात मुक्ता सकाळपासून आरशासमोर उत्तरं घोकतेय. गाड्यांचा विषारी धूर कमी करणारी इंजिनिअर व्हायचंय तिला. उद्या मुलाखत आहे. तिचे हलणारे ओठ पाहून मला माझी पहिली मुलाखत आठवली. साहेबांनी विचारलं, "चहा घेणार?" आणि मी बावळट ठणकावून म्हणाले, "शिवणकाम आणि वाचन!" माझ्यातल्या तेव्हाच्या त्या पोरीची मला अजूनही दया येत नाही. पाठ केलेलं बोलणाऱ्याला समोरचं माणूस दिसतच नाही.

मी मुद्दाम मुक्ताला विचारलं, "गाडी धूर ओकतेय, पण कागदावर पास करायचीय. सही करशील?"

ती चिडली. "आजी, मुलाखतीत असलं कोणी विचारत नाही!"

"नाहीच विचारत गं. नोकरी लागल्यावर सांगतात."