मामाने शिकवलेली चाल

मी सातव्या महिन्यात जन्मले, रडायला उशीर केला आणि त्या उशिराची शिक्षा माझ्या डाव्या अंगाला झाली. डॉक्टरांनी त्याला सेरेब्रल पाल्सी म्हटलं. आमच्या गावाने, वारूळवाडीने, स्वतंत्र तपास करून आईने ग्रहणात विळी हातात धरली असणार, असं ठरवलं. आई सांगते, त्या ग्रहणात ती पलंगावरून हललीसुद्धा नव्हती. पण गावाने एकदा निदान केलं की दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायची पद्धत आमच्याकडे नाही.

डावा हात कोपरात मुडपलेला, मूठ सहसा उघडत नाही, डावी टाच जमिनीला टेकत नाही. बाकी मी ठणठणीत आहे. नारायणगावात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात काम करते. दोन्ही हात शाबूत असलेल्या लोकांनी चुकवलेले फॉर्म मी एका हाताने दुरुस्त करते आणि ते जाताना मलाच ‘बिचारी’ म्हणून जातात.

लग्नाचं बघायला लागल्यावर घराची सूत्रं मामाने हातात घेतली. मामाचा टोमॅटोचा धंदा. क्रेट भरताना लालबुंद, टणक फळ वरच्या थरात आणि चेपलेलं खाली, हे त्याला झोपेतही जमतं. त्याने मलाही तसंच भरलं. पाहुणे यायच्या आधी मी दिवाणावर बसलेली पाहिजे. पदर डाव्या बाजूने पुढे आणि हात त्याखाली. पोहे वहिनी आणणार, चहा वहिनी देणार. मी उठायचं ते पाहुणे जीपमध्ये बसल्यावर. आणि चालायची वेळ आलीच तर श्वास रोखून, टाच दाबून, दारापासून दिवाणापर्यंत सहा पावलं. त्या सहा पावलांचा मामाने माझ्याकडून दोन महिने सराव करून घेतला. “लई झ्याक! आता कुणाच्या बापाला कळणार न्हाई,” असं तो म्हणाला आणि खरंच कळत नसे. सातव्या पावलाला कळायचं.

पहिली दोन स्थळं पत्रिकेवर गेली. तिसऱ्यांना मी पसंत पडले. एवढी की मुलाची आई तिथेच ओटी भरायला उठली. ओटी घ्यायला पदर दोन्ही हातांनी पसरावा लागतो, हे मामाच्या अभ्यासक्रमात राहून गेलं होतं. मी एकाच हाताने पसरला. नारळ घरंगळत दिवाणाखाली गेला आणि स्थळ त्याच्या मागोमाग.

फुटबॉल मला भेटला तो अपंगांना साहित्य वाटायच्या सरकारी शिबिरात. प्रमुख पाहुणे तीन तास उशिरा येणार होते, म्हणून मंडपामागे पोरं पाण्याच्या रिकाम्या बाटलीला लाथा मारत होती. कंटाळून मीही मारायला लागले. नंतर मला स्टेजवर बोलावून हाताने फिरवायची तीनचाकी सायकल देण्यात आली. मी स्टेजवर चालत गेले होते आणि ती सायकल चालवायला दोन हात लागतात, या दोन्ही गोष्टी फोटो काढेपर्यंत कुणाच्या लक्षात आल्या नाहीत. लक्षात आली ती फक्त बाटली, पुण्याहून आलेल्या एका बाईंच्या. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलींचा फुटबॉल संघ त्या जमवत होत्या. त्यांना मी मॅडम म्हणते. दर रविवारी एसटीने पुण्याला जायला लागले. मामाला आईने सांगितलं, व्यायामाला जाते.

दोन वर्षांनी परदेशातल्या स्पर्धेसाठी माझी निवड झाली आणि गावाला माझा अभिमान असल्याचं गावाला अचानक कळलं. चौकात फ्लेक्स लागला. फोटो मामाने निवडला होता, मानेपर्यंतचा. सत्काराला सरपंच म्हणाले, “आपली लेक आता फॉरेनला चालली हाय. तिकडं लई मोठे डॉक्टर असत्यात. बरी हून येईल.” टाळ्या पडल्या. मी खेळायला चालले होते, हे माइकवर कुणीही बोललं नाही.

डॉक्टर मात्र खरंच होते. या खेळात मैदानावर उतरायच्या आधी प्रत्येकीची तपासणी होते. किती कडकपणा आहे, तोल किती जातो, हे पाहून एक, दोन, तीन असे वर्ग देतात. एक म्हणजे त्रास जास्त, तीन म्हणजे कमी. त्याहून कमी वाटला तर खेळता येत नाही, स्पर्धा संपेपर्यंत बाकावर बसायचं आणि विमानाने घरी यायचं. मॅडमनी विमानात तीनदा बजावलं होतं, “नाटक करायचं नाही. जास्त दाखवलंस तर बंदी येईल. आहेस तशी राहा.” मी मान डोलावली. आहे तसं राहण्यात काय अवघड आहे, असं मला वाटलं.

तपासणीला दोन परदेशी बायका होत्या. त्या यायच्या आधीच मी जाऊन खुर्चीत बसले. जॅकेट मांडीवर, डावा हात त्याखाली. त्यांनी चालायला सांगितलं. श्वास रोखला, टाच दाबली, सहा पावलं. वळले. पुन्हा सहा. खोली नेमकी आमच्या बाहेरच्या खोलीएवढी होती. चेंडू घेऊन जायला सांगितला तेव्हा मी हात पोटाशी घट्ट आवळून सावकाश गेले, अगदी दारापर्यंत. एका बाईने माझं कोपर झटक्यात ओढून पाहिलं, दुसरीला काहीतरी म्हणाली, दोघींनी बराच वेळ लिहिलं. मी हसून त्यांना नमस्कार केला. मला वाटलं, पसंत पडले.

बाहेर निकालाचा कागद चिकटवला होता. माझ्यापुढे वर्गच नव्हता. तिथे लिहिलं होतं की निर्णय राखून ठेवला आहे, पहिल्या सामन्यात खेळताना पाहून ठरवू.

मॅडमनी दारातून सगळं पाहिलं होतं. त्या मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, “तू इथे खेळायला आलीस की लग्नाला?”

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग. मामाचा नाही, माझाच. बावीस वर्षं लोक माझ्याकडे बघून हळहळले ते मला नको होतं, आणि आता दोन बायकांना माझं डावं अंग धड दाखवता येत नव्हतं. दोन वर्षांचे रविवार त्या कागदावरच्या रिकाम्या रकान्यात अडकले होते.

त्यात सकाळी मामाचा फोन. सामना मोबाइलवर थेट दिसणार होता. ग्रामपंचायतीत मोठा पडदा लावला होता. “आणि ऐक,” मामा म्हणाला, “येडगावचं नवीन स्थळ हाय. फॉरेनला गेली म्हणल्यावर तेच आलं बघ. त्यांना बी बोलावलंय बघायला. तेवढा हात जरा सांभाळ, पोरी. लांब बाह्यांचं काय न्हाई का तुमच्यात?”

मी म्हटलं, “मामा, हात सांभाळला तर मला घरी पाठवत्यात.”

“आन न्हाई सांभाळला तर घरीच राहशील जन्मभर,” मामा म्हणाला. त्याला माझी खरंच काळजी होती. तेच तर सोसत नाही.

सामना सुरू झाला. पहिली पाच मिनिटं मी मामाचीच होते. हात पोटाशी धरून कडेकडेने फिरत होते, आणि रेषेबाहेर त्या दोन बायका कागद घेऊन उभ्या होत्या. मग समोरच्या संघाची एक मुलगी, माझ्यासारखीच डावी बाजू गेलेली, माझ्या पायातून चेंडू काढून निघून गेली. पळताना तिचा हात छातीशी वर उडत होता, डावा पाय आत वळत होता आणि ती तोंडाने मला चिडवत होती. भाषा कळली नाही, पण चिडवणं कळलं.

मी तिच्यामागे सुटले. श्वास रोखला नाही, टाच दाबली नाही. माझा हात कुठे गेला मला माहीत नाही. दोनदा तोंडावर पडले. तिसऱ्यांदा चेंडू परत आणला.

आम्ही सात शून्यने हरलो. संध्याकाळी कागदावर माझ्यापुढे दोन हा आकडा आला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या डाव्या अंगाकडे नीट पाहिलं आणि ‘अरेरे’ न म्हणता नुसता आकडा लिहिला. मी त्या कागदाचा फोटो काढला आणि मॅडमना मिठी मारून ओरडले.

मग घरी फोन लावला. मामाने उचलला. येडगावचे पाहुणे मध्यंतरातच चहा न घेता उठून गेले होते. “समद्या गावानं बघितलं,” एवढं म्हणून त्याने फोन आईकडे दिला.

आईने नाक ओढलं. मला वाटलं, रडतेय. मी म्हटलं, “आई, हात झाकता आला नाही गं.”

“हाताचं जाऊ दे,” आई म्हणाली. “तू पळतीस.”

“हो, मग?”

“मला ठावंच नव्हतं. चालायला लागल्यापासून आमी तुला पळू नको, पडशील, म्हणत आलो. म्या तुला कधी पळताना बघितलंच न्हाई गं.” तिने पुन्हा नाक ओढलं. “उद्या पुन्हा हाय ना? किती वाजता?”