माझं बोलणं ऐकणारी

"सुमाक्का गेली," एवढंच भावोजी फोनवर म्हणाले. बंगळूरच्या एका टोकाहून, के. आर. पुरमहून, तिच्या राजाजीनगरला पोहोचेपर्यंत मी रडत होते, आणि तिच्या दारातली गर्दी पाहिल्यावर, खरं सांगते, माझा जळफळाट झाला. फुलवाली, बँकेतल्या मैत्रिणी, महिला मंडळ... जो तो म्हणे, सुमाक्का माझीच होती. अगं बायांनो, सख्खी बहीण मी आहे ना! मला कुणी बसायलासुद्धा सांगितलं नाही.

लहानपणापासून हेच. पाहुणे आले की आई म्हणायची, "मोठी बोलकी, धाकटी घुमी." सगळे सुमाक्काशी गप्पा मारत आणि मी कॉफीचे पेले उचलायची. पुढे सासरी, ऑफिसात, मी घुमीच राहिले. सारखं ऐकलं की माणूस तसंच वागायला लागतं. माझ्या वाट्याचं बोलणंही हिनंच लाटलं, असं मी मनाशी धरून बसले होते.

तेराव्याला शेजारच्या सावित्रम्मा माझ्याजवळ बसल्या. "तुमची अक्का स्वल्पच बोलायची हो. ऐकायची नुसती. म्हणायची, बहिणीचं ऐकून ऐकून सवय झालीय." मी विचारलं, "कुठली बहीण?" "अय्यो, तुम्हीच की! दुसरी कोण आहे?"

मला हसूच आलं. मी, आणि बोलते? मग आमचे रविवार आठवले... थंडीत ती अवरेकाळू, म्हणजे पावटे, भिजवून एकेका दाण्याची साल चिमटीनं काढत बसायची आणि चपला काढल्यापासून माझं सुरू. साहेबाचा खडूसपणा, सुनेचे नखरे, बंद पडलेली लिफ्ट. दाणे सोलून संपायचे, माझं तोंड काही थांबायचं नाही. भावोजी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असायचे. ती मधूनमधून कानडीत "सरी", म्हणजे बरं, आणि "पुढं?" एवढंच म्हणायची. परतीच्या मेट्रोत बसले की मी पुन्हा घुमी.

म्हणजे माझं ऐकता ऐकता लागलेली सवय ही बाई गल्लीभर वाटत होती! पुन्हा पोटात दुखलं. त्या सगळ्यांना बोलायला आपापली माणसं आहेत. माझ्यातली बडबडी बाई मात्र फक्त सुमाक्कासमोर तोंड उघडायची. तिनं आता जायचं कुठं?

परवाच्या रविवारी सुमाक्काच्या घरी गेले. भावोजींनी स्वतः कॉफी केली. आम्ही समोरासमोर बसलो, कॉफी संपली, तरी मला शब्द सुचेना. शेवटी तेच म्हणाले, "वसू, आज गप्प का गं?"

जन्मात मला हे कुणी विचारलं नव्हतं.