अक्काला फिट यायला लागल्या

शिवाजीनगरात आम्हा दोघी बहिणींचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. अक्का कापायची, मी शिवायचे. लग्न दोघींनीही केलं नाही. कोरोना आधी मला झाला, माझं करता करता तिला. मी आठवड्यात उठले. ती दोन आठवडे इस्पितळात होती.

घरी आली तेव्हा चांगली होती. महिनाभराने एका गिऱ्हाइकाच्या रेशमी कापडावर खडूने खूण करताना तिचा हात वाकडा झाला आणि ती खाली कोसळली. अंग ताडताड उडत होतं, तोंडाला फेस. कुणी हातात किल्ल्या दिल्या, कुणी कांदा फोडला. मी नुसतीच "अक्का, अक्का" करत उभी. शुद्धीवर आल्यावर तिने आधी विचारलं, "कापड खराब झालं का गं?"

डॉक्टर म्हणाले, या आजारानंतर काहींच्या मेंदूला असं होतं. गोळी चुकवायची नाही. कात्री, मशीन, गॅस नको. एकटीला ठेवू नका.

गोळ्यांनी ती मंद झाली. मापं विसरायची. तरी रोज माझ्याबरोबर दुकानात यायची, हुक लावत बसायची. अधूनमधून फिट यायचीच. एकदा एक बाई ते बघून लेकीला ओढत पायऱ्या उतरली, परत आलीच नाही. मग आणखी दोघीतिघी तुटल्या.

एका सकाळी मी म्हटलं, "अक्का, आजपासून घरीच राहा. बसची दगदग नको तुला."

तिने चप्पल घातली होती. ती काढत म्हणाली, "सरी, राहते घरी. पण माझ्यासाठी म्हणून सांगू नकोस. लोक घाबरतात, म्हणून ना?"

"तसं नाही गं."

आत जाऊन तिने नेसलेली चांगली साडी बदलली.

शेजारच्या आजींना मी मधूनमधून डोकवायला सांगितलं होतं. नवव्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. अक्का मोरीत पालथी पडली होती. किती वेळ, कुणालाच ठाऊक नाही. ऑटोने मी पोचले तेव्हा तिचे हात गार झाले होते. ओला पदर सरळ करत मी तिथेच बसून राहिले.

भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, "सुटली बिचारी." त्या दिवशी ती घरी एकटी का होती, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.